आईवडिलांचं पहिलं घर तोट्यात विकावं लागलं, मग पोराने तळ्याकाठी 690 स्क्वेअर फुटांचं घर बांधलं आणि ते जागतिक वारसा झालं

पुण्या-मुंबईत घर बघायला गेलं की साईटवरचा माणूस आधी एरिया सांगतो. साडेसहाशे-सातशे स्क्वेअर फूट कार्पेट म्हटलं की आपला मनातल्या मनात हिशोब सुरू होतो. हॉल केवढा, किचन केवढं, गावाकडून आईवडील आले तर कुठे झोपतील, पाहुणा आला तर काय करायचं.

आता असंच साधारण 690 स्क्वेअर फुटांचं एक घर डोळ्यासमोर आणा. हे घर स्वित्झर्लंडमध्ये आहे, जिनिव्हा सरोवराच्या अगदी काठावर. त्याला कौलं नाहीत, नक्षीदार खांब नाहीत, झुंबरं नाहीत. बाहेरून बघितलं तर एक लांबट, चपट्या छताचा खोका. पण 2016 मध्ये युनेस्कोने या खोक्याला जागतिक वारशाच्या यादीत जागा दिली. त्याच नोंदीत आपल्या चंदीगडचं कॅपिटल कॉम्प्लेक्ससुद्धा आहे, कारण दोन्ही एकाच माणसाची कामं आहेत.

त्या माणसाचं नाव ल कॉर्बुझिए.

चंदीगडचा आराखडा करणारा फ्रेंच आर्किटेक्ट एवढी त्याची ओळख आपल्याकडे बऱ्याच जणांना असते. पण तळ्याकाठचं हे घर त्याने कुठल्या सरकारसाठी किंवा श्रीमंत गिऱ्हाइकासाठी बांधलं नव्हतं. ते बांधलं होतं स्वतःच्या आईवडिलांसाठी. आणि त्याच्या आधी आईवडिलांसाठीच बांधलेलं एक घर चांगलंच अंगाशी आलं होतं.

तर सगळं सुरुवातीपासून बघू.

स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात ला शो-द-फों नावाचं एक गाव आहे. घड्याळांचं गाव. इथे घराघरात कुणी घड्याळाचे काटे बनवायचं, कुणी केस कोरायचं, कुणी तबकडी रंगवायचं. याच गावात 6 ऑक्टोबर 1887 ला एका कुटुंबात दुसरा मुलगा जन्माला आला. नाव ठेवलं शार्ल-एदुआर जानरे. ल कॉर्बुझिए हे नाव त्याने पुढे स्वतःच घेतलं.

वडील घड्याळाच्या तबकड्यांवर मीनाकाम करायचे. आई पियानो शिकवायची. थोरला भाऊ आल्बेर संगीताकडे वळला. धाकट्याने वडिलांच्या धंद्यात यायचं म्हणून गावच्या कलाशाळेत घड्याळाच्या केसवर कोरीवकाम करायला शिकायला सुरुवात केली. पण त्याची नजर कमजोर होती आणि कोरीवकाम म्हणजे डोळ्यांचाच धंदा. शाळेतल्या शिक्षकांनी, शार्ल लेप्लातनिए यांनी, त्याला आर्किटेक्चरकडे वळवलं.

पोरगं अठरा वर्षांचं होतं न होतं तोच पहिल्या घराच्या कामाला लागलं. त्यानंतर तो बाहेर पडला. पॅरिसमध्ये ऑग्युस्त पेरे यांच्याकडे काम करताना त्याने सिमेंट-काँक्रीटमध्ये लोखंडाच्या सळया घालून काय काय करता येतं ते पाहिलं. बर्लिनमध्ये पीटर बेरेन्स यांच्याकडे तो कारखान्यांच्या जगाच्या जवळ गेला. 1911 मध्ये बाल्कन देश, इस्तंबूल आणि अथेन्स असा मोठा प्रवास केला. हातात कायम वही, आणि वहीत कायम चित्रं.

आर्किटेक्टची पदवी मात्र त्याने कधीच घेतली नाही. जे शिकला ते काम करून आणि फिरून शिकला.

आता येतं ते अंगाशी आलेलं घर.

प्रवासाहून परत आल्यावर 1912 मध्ये त्याने गावातच आईवडिलांसाठी घर बांधलं. उतारावर, झाडांमध्ये, भलंमोठं पांढरंशुभ्र घर. लोक त्याला मेझों ब्लांश, म्हणजे पांढरं घर, म्हणायला लागले. पंचविशीच्या पोराला आपण काय काय करू शकतो ते दाखवायचं होतं आणि ते त्याने दाखवलंही. पण तबकड्या रंगवणाऱ्या माणसाच्या आणि पियानोच्या शिकवण्या घेणाऱ्या बाईच्या खिशाला हे घर झेपणारं नव्हतं. आयुष्यभराची पुंजी त्यात अडकली. शेवटी 1919 मध्ये ते तोटा सोसून विकावं लागलं. उतारवयात आईवडील भाड्याच्या घरात राहायला गेले.

आपल्याकडेही हे चित्र अनोळखी नाही. पोराच्या हौसेपायी बाप कर्जात उतरतो, वास्तुशांतीला अख्खं गाव जेवतं आणि चार वर्षांनी तेच घर विकायला काढावं लागतं.

पोरगं तोवर पॅरिसला जाऊन बसलं होतं. 1917 मध्ये त्याने तिथे मुक्काम हलवला होता. सुरुवातीची वर्षं ओढाताणीची होती. तो चित्रं काढायचा, लेख लिहायचा, मित्रांबरोबर एक मासिक चालवायचा. त्याच मासिकात लिहिताना 1920 मध्ये त्याने ल कॉर्बुझिए हे टोपणनाव घेतलं. 1922 मध्ये चुलत भाऊ पिएर जानरे याच्याबरोबर ऑफिस थाटलं. हा पिएर लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

1923 मध्ये त्याचं आर्किटेक्चरवरचं पुस्तक आलं आणि युरोपभर चर्चा सुरू झाली. त्याचं म्हणणं असं होतं की जहाज, विमान, मोटार बनवणारे लोक एकही भाग उगाच लावत नाहीत. जे लागतं ते असतं, जे लागत नाही ते नसतं. मग घर बांधताना आपण राजवाड्यांची नक्कल कशाला करतो? घरानेसुद्धा यंत्रासारखं चोख काम केलं पाहिजे.

ऐकायला भारी वाटतं. पण हे करून कुणाच्या घरात दाखवायचं?

त्याने आईवडिलांचंच घर घेतलं. फक्त या वेळी काम उलट्या बाजूने सुरू केलं. आधी जागा आणि मग प्लॅन ही नेहमीची रीत. याने आधी प्लॅन काढला. दोन म्हातारी माणसं. घरकामाला मदतनीस नाही, त्यामुळे झाडझूड कमी लागली पाहिजे. जिने चढणं नको, म्हणून सगळं एकाच मजल्यावर. ऊन भरपूर पाहिजे, म्हणून तोंड दक्षिणेला. कधीतरी मुलं येणार, पाहुणे येणार, त्यांची सोय पाहिजे. आईच्या पियानोला जागा पाहिजे. आणि खर्च आटोक्यात पाहिजे.

हा प्लॅन खिशात घालून तो जिनिव्हा सरोवराच्या काठाने जागा शोधत फिरला. 1923 मध्ये वेवे शहराला लागून असलेल्या कोर्सो गावात जमिनीची एक चिंचोळी पट्टी सापडली. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला पाणी, पाण्यापलीकडे आल्प्सचे डोंगर. खिशातला प्लॅन त्या जागेवर ठेवला तो बरोबर बसला.

घर किती मोठं? लांबी सुमारे 16 मीटर, रुंदी 4 मीटर. म्हणजे 64 चौरस मीटर. आपल्या हिशोबाने तेच 690 स्क्वेअर फूट.

एवढ्याशा जागेत कोंडल्यासारखं वाटू नये म्हणून त्याने काय काय केलं ते आता बघण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट, खिडकी. तळ्याकडच्या भिंतीत एकच सलग आडवी खिडकी, सुमारे 11 मीटर लांब. आधीच्या दगड-विटांच्या घरात अशी खिडकी काढणं अवघड होतं, कारण छताचं वजन भिंत पेलायची. भिंतीला लांब भोक पाडलं तर छत खाली येणार. सळईच्या काँक्रीटमुळे वजन मोजक्या खांबांवर घेता आलं आणि भिंत मोकळी झाली. त्यामुळे बैठकीत बसा, झोपायच्या खोलीत जा नाहीतर न्हाणीघरात, तळं तुमच्या सोबत चालत येतं. गुरू ऑग्युस्त पेरे यांना मात्र ही आडवी खिडकी पटत नव्हती. माणूस उभा असतो, तर खिडकीही उभीच पाहिजे, या मताचे ते होते. त्यावरून गुरू-शिष्यांचा जाहीर वाद झाला.

दुसरी गोष्ट, पॅसेज नाही. खोल्या एकमेकींत उघडतात आणि घरातून फिरताना चक्कर पूर्ण होते. आपल्या फ्लॅटमध्ये पॅसेजला जे पन्नास-साठ स्क्वेअर फूट जातात ते इथे वाचले. बैठकीचा एक भाग सरकत्या पडद्यासारख्या भिंतीने बंद केला की पाहुण्यांची खोली तयार. पाहुणे गेले की परत मोकळं.

तिसरी गोष्ट, गच्ची. छत सपाट ठेवून त्यावर माती टाकली आणि गवत वाढू दिलं. मातीमुळे उन्हाळ्यात काँक्रीट तापत नाही आणि थंडीत एकदम गार पडत नाही. आज ज्याला आपण टेरेस गार्डन म्हणतो ते त्याने शंभर वर्षांपूर्वी दोन म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यावर करून ठेवलं होतं.

चौथी गोष्ट सगळ्यात हुशारीची. समोर एवढं मोठं तळं आणि डोंगर असताना कुणीही अंगण सगळं मोकळं सोडेल. याने उलट तळ्याच्या बाजूलाही काही भागात भिंत घातली. त्याचं गणित असं होतं की समोर सगळंच कायम दिसत राहिलं तर काही दिवसांनी डोळ्यांना त्याचं काही वाटेनासं होतं. म्हणून त्याने आधी दृश्य अडवलं आणि मग त्या भिंतीत एक चौकोनी खिडकी ठेवली. खिडकीशी काँक्रीटचं एक टेबल. झाडाच्या सावलीत तिथे बसलं की तळं आणि डोंगर फ्रेममध्ये घातल्यासारखे दिसतात. घराच्या आतली खोली लहान होती, तर त्याने बाहेरच एक बिनछताची खोली करून दिली.

पाचवी गोष्ट वाचून हसू येईल. रस्त्याकडच्या भिंतीशी त्याने कुत्र्यासाठी एक छोटा ओटा बांधला. समोर जाळी. घरातल्या कुत्र्याला येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवता यावं आणि मनसोक्त भुंकता यावं म्हणून.

यंत्रासारखं घर म्हणणाऱ्या माणसाने कुत्र्याचासुद्धा विचार केला होता. कारण या घरात कोण राहणार, त्यांना काय लागतं, कशाचा त्रास होतो हे त्याला आरपार माहीत होतं.

1924 मध्ये घर उभं राहिलं आणि आईवडील राहायला आले. शेजारपाजारच्यांना हा प्रकार बिलकुल रुचला नाही. गावच्या मंडळींनी हे घर म्हणजे निसर्गाचा अपमान ठरवला आणि असं दुसरं घर इथे होऊ द्यायचं नाही असं ठरवून टाकलं, असं कॉर्बुझिएनेच पुढे लिहून ठेवलंय.

वडिलांना या घराचं सुख फार लाभलं नाही. एप्रिल 1926 मध्ये ते गेले. तळ्यासमोर त्यांना जेमतेम दीड वर्ष मिळालं.

घरही काही निर्दोष नव्हतं. बांधकाम स्वस्तातलं, सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांचं. त्यात तळ्याच्या पाण्याची पातळी वर-खाली होत राहायची. पाणी चढलं की जमिनीखाली असलेलं छोटं तळघर बोटीसारखं उचलायला बघायचं, उतरलं की परत बसायचं. व्हायचं तेच झालं. घराला तडा गेला. शेवटी वेगवेगळ्या वर्षी भिंतींना बाहेरून पत्रा मारावा लागला. 1931 मध्ये रस्त्याकडच्या बाजूला जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आला, तर 1950 च्या सुमारास तळ्याकडच्या बाजूला ॲल्युमिनियम. आज फोटोत घराची तळ्याकडची बाजू चंदेरी दिसते ती त्यामुळे. आधी ती पांढरी होती.

पण आई तिथे राहिली. एकटी, पियानोसह, पुढची चौतीस वर्षं. मुलगा पॅरिसहून, मॉस्कोहून, न्यूयॉर्कहून, पुढे हिंदुस्थानातून तिला पत्रं लिहीत राहिला. ही पत्रं इतकी आहेत की त्यांचे खंड छापून निघालेत.

इकडे पोराचं नाव जगभर होत गेलं. 1927 मध्ये त्याने नव्या आर्किटेक्चरचे पाच मुद्दे मांडले. खांबांवर उचललेलं घर, गच्चीवरची बाग, भिंती हव्या तिथे घेता येणारा प्लॅन, आडवी लांब खिडकी आणि वजनातून मोकळी झालेली दर्शनी बाजू. यातली बाग आणि आडवी खिडकी आईच्या घरात आधीच होती. पॅरिसजवळची त्याची प्रसिद्ध व्हिला सावोय 1931 मध्ये पूर्ण झाली. दिसायला अप्रतिम, पण छत गळायचं. इतकं गळायचं की वैतागलेल्या मालकीणबाईंनी कोर्टात खेचण्याची तंबी दिली होती.

त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. 1925 मध्ये त्याने मध्य पॅरिसचा मोठा भाग पाडून तिथे एकसारखे उंच टॉवर उभे करायची योजना मांडली होती. ती कागदावरच राहिली हे पॅरिसचं नशीब. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये जर्मनांशी हातमिळवणी केलेलं व्हिशी सरकार आलं, तेव्हा त्या सरकारकडूनही काम मिळावं म्हणून त्याने बरेच महिने खटपट केली. त्यावरून आजही त्याच्यावर टीका होते.

आणि इथेच हे तळ्याकाठचं घर महत्त्वाचं ठरतं. लाखो लोकांसाठी शहर आखताना त्याच्यासमोर कुणीच ओळखीचं माणूस नव्हतं. समोर होता सरासरी माणूस, त्याची सरासरी उंची आणि सरासरी गरज. तिथे तो बऱ्याचदा चुकला. कोर्सोच्या घरात मात्र सरासरी माणूस राहणार नव्हता. तिथे त्याची आई राहणार होती.

1950 मध्ये आपल्या देशातले दोन अधिकारी त्याला भेटायला पॅरिसला गेले. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं होतं आणि पंजाबला नवी राजधानी हवी होती. आधीच्या आराखड्यावर काम करणारे आर्किटेक्ट मॅथ्यू नोविकी विमान अपघातात गेले होते. कॉर्बुझिएने काम घेतलं, पण पॅरिस सोडायला तो तयार नव्हता. तो अधूनमधून येणार आणि साईटवर ठाण मांडणार पिएर, म्हणजे तोच चुलत भाऊ.

याच काळात त्याच्या पॅरिसच्या ऑफिसात एक तरुण दाखल झाला. पुण्यात जन्मलेला, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेला. नाव बाळकृष्ण दोशी. सुरुवातीचे काही महिने बिनपगारी राबून तो तिथे टिकला, मग अहमदाबादला येऊन कॉर्बुझिएच्या इमारतींचं काम त्याने सांभाळलं. 2018 मध्ये याच दोशींना प्रित्झकर पुरस्कार मिळाला. आर्किटेक्चरमधला हा सर्वोच्च मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

चंदीगडमध्येही कॉर्बुझिएला तळं हवंच होतं. तिथे नैसर्गिक तळं नव्हतं. मग मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांच्यासोबत ठरवून सुखना नावाच्या पावसाळी ओढ्यावर बांध घातला गेला आणि 1958 मध्ये सुखना लेक तयार झाला. बांधावर मोटारी नकोत आणि पाण्यात मोटरबोटी नकोत, याबद्दल तो आग्रही होता. पाण्याकाठी माणसाला शांतपणे बसता आलं पाहिजे, हा धडा तो बहुतेक कोर्सोच्या त्या काँक्रीटच्या टेबलाशी गिरवून आला होता.

1957 मध्ये त्याची बायको इव्हॉन गेली. फेब्रुवारी 1960 मध्ये आई गेली. वयाची शंभरी अवघ्या काही महिन्यांवर होती. म्हाताऱ्या माणसांना झेपेल असं घर करायचं ठरवलं होतं आणि त्या घराने तिला छत्तीस वर्षं सांभाळलं.

स्वतःसाठी या माणसाने काय बांधलं? फ्रान्सच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या काठावर एक लाकडी खोली. 3.66 मीटर बाय 3.66 मीटर. म्हणजे साधारण 12 बाय 12 फूट. त्यात पलंग, टेबल, बेसिन, कपाट. स्वयंपाकघरसुद्धा नाही, कारण जेवण शेजारच्या छोट्या हॉटेलात. जगातला सगळ्यात नावाजलेला आर्किटेक्ट उन्हाळे तिथे काढायचा. 27 ऑगस्ट 1965 ला सकाळी तो तिथेच समुद्रात पोहायला उतरला आणि परत आला नाही. वय 77.

पिएर चंदीगडमध्ये 1965 पर्यंत राहिला. दोन वर्षांनी तोही गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे 1970 मध्ये त्याच्या अस्थी सुखना लेकमध्ये सोडण्यात आल्या.

कोर्सोच्या घरात आईनंतर थोरला भाऊ आल्बेर राहिला, 1973 मध्ये तो जाईपर्यंत. आता तिथे संग्रहालय आहे. ज्या घराची नक्कल करू नका असं गाव म्हणत होतं, ते बघायला आता जगभरातून आर्किटेक्चरची पोरं येतात. खिडकीची लांबी मोजतात, गच्चीवरच्या गवताचे फोटो काढतात, कुत्र्याच्या ओट्यापाशी वाकून बघतात.

पुढच्या वेळी तुम्ही 690 स्क्वेअर फुटांचा फ्लॅट बघायला जाल तेव्हा एरियाच्या आधी एक प्रश्न विचारून बघा. या घरात नक्की कोण राहणार आहे? त्याचं उत्तर नीट माहीत नसेल तर बंगलासुद्धा अंगावर येतो. मेझों ब्लांशमध्ये कॉर्बुझिएच्या आईवडिलांनी ते भोगलं होतं. आणि उत्तर नीट माहीत असेल तर चार मीटर रुंदीच्या घरात आई, पियानो, पाहुणे, कुत्रं आणि अख्खं तळं मावतं.